जपून ठेव म्हटलं होतं

मले आजकाल कोणी विचारलं का "मॅडम, घरच्या कॉम्प्युटरले कोणती एसएसडी घ्याची", तर माझं डोकंच फिरते. आधी असं नव्हतं. मी एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, एकटी राहते, त्यामुळं भिलाईत कोहक्यातल्या माझ्या गल्लीले वाटते का या बाईले दुसरा काही धंदाच नाही. कोणाचा कॉम्प्युटर हळू झाला, कोणाची जुनी हार्ड डिस्क करकर करून राहिली, का धाडलं पोरगं नाहीतर सून माझ्याकडे. आणि खरं सांगू? मले मजाच यायची. शहाणपण सांगाची मजा लय वाईट असते, एकदा लागली का सुटत नाही.

मी माठावरून समजावायची. म्हणायची, एसएसडीच्या पोटात बारीक बारीक माठ असतात, लाखोनं, अन् त्यात विजेचं पाणी भरलेलं असते. जुन्या काळच्या भारी ड्राइव्हमध्ये माठ एकतर भरलेला नाहीतर रिकामा. बस, दोनच गोष्टी, चूक होण्याचं कामच नाही. पण तसं केलं तर माठ लय लागतात, वस्तू महाग होते. मंग कंपन्यायनं काय केलं, त्याच माठाले आतून खुणा मारल्या. कोणी चार खुणा, कोणी आठ. अन् हे जे सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात मोठे ड्राइव्ह मिळतात, त्यात एका माठाले सोळा खुणा. आता भिलाईचा मे महिना आठवा. माठातलं पाणी उडते का नाही? दोन खुणाच्या माठात बोटभर पाणी उडालं तर कोणाले काय फरक पडते? पण सोळा खुणाच्या माठात बोटभर उडालं का बाराव्या खुणेचं पाणी अकरावीवर येते, अन् वाचणारा चुकीचं वाचते. त्यात माठ जुना असंल, हजारदा भरून उपसून झिरपाले लागला असंल, तर मंग बोलूच नका.

"मंग पाणी उडू नये म्हणून काय कराचं?" असं समोरचा विचारायचा, अन् मी खुश होऊन सांगायची, "काही नाही, वापराचं. ड्राइव्हले करंट भेटत राहिला का ते आपलं आपणच माठ तपासते, कमी झालं तिथं भरून घेते. बंद करून कपाटात टाकलं का संपलं."

हे सगळं मले तोंडपाठ होतं, एवढं ध्यानात ठेवा. कारण आमच्या घरी एक अशीच एसएसडी होती, तिच्यात आमच्या बाबाचा आवाज होता, अन् तो गेला.

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, कोळसा भाजाच्या भट्टीवर, होते. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आले, कॅम्प-1 मध्ये झोपडी टाकली, मंग दोन खोल्या बांधल्या, अन् उभी जिंदगी त्या भट्टीच्या तापलेल्या छतावर लाकडी तळव्याचे जोडे घालून चालले. रबराचा जोडा तिथं विरघळून जाते म्हणत. घरी आले का बोलत नसत. आई होती तोवर त्यायच्या वाटचं बी तीच बोलायची. आई गेली अन् वर्षभरानं काय झालं कोण जाणे, एका दुपारी कूलरसमोर बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "तुले मालूम हाय का, मी पहिल्या दिवशी ड्यूटीवर कसा गेलो?" अन् दीड तास बोलले. मी हात ओले तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरले माईक लावला. बाबाले त्याचा राग नाही आला, फक्त एक अट घातली. "हे नेटवर-बिटवर टाकाचं नाही. यात लोकायचे नावं हायेत. घरचं घरातच राहू दे." म्हणून मी ते कधी कुठं चढवलं नाही. त्या उन्हाळ्यात अन् पुढच्या हिवाळ्यात मिळून एकतीस फाइली झाल्या. गावच्या विहिरीवर आमच्या लोकायले कसे हाकलायचे ते होतं. प्लांटमधला एक मेट, म्हणजे मुकादम, बाबाच्या माठाचं पाणी पीत नव्हता, अन् मंग एका दुपारी चक्कर येऊन पडला तेव्हा बाबानंच त्याच्या तोंडात पाणी घातलं, ते होतं. ते सांगताना बाबा इतके हसले का खोकला आला, तो खोकला बी होता. अन् एका फाइलीत दादाची पोरगी, तेव्हा सहावी-सातवीत असंल, शाळेतून येऊन मधातच घुसली, तर बाबा गोष्ट सोडून म्हणाले, "ये वं माह्या चिमणे, तू बी बस." तिले जगात चिमणी म्हणणारा तो एकच माणूस होता.

त्यायचं कोक ओव्हनचं एक सांगणं मले आत्ता बी जसंच्या तसं ऐकू येते. म्हणत, "भट्टी एकदा पेटवली का मंग तिले थंडी नाही होऊ द्याची. काम नसलं तरी गरम ठेवाची. थंडी झाली का आतली वीट तडकते, मंग ते भट्टी गेली." मी ते रेकॉर्ड केलं, माना डोलावल्या, अन् फाइलीले नाव दिलं. डोक्यात काही शिरलं नाही.

आता दादा. माझा मोठा भाऊ, तो बी प्लांटमध्येच, पण मेंटेनन्सले. त्याचं सगळं उलटं. त्याच्या खात्यात कोणत्या बी मशीनले हात लावाच्या आधी ते बंद कराचं, ताला ठोकाचा, अन् वर लाल टॅग बांधाचा, "चालू न करें". ज्यानं बांधला त्यानंच सोडाचा, दुसऱ्या कोणी सोडला तर नोकरी जाते. हा नियम चांगला आहे, त्यानं जीव वाचतात. पण दादा तो नियम घरी घेऊन आला. बोरसीच्या त्याच्या घरी पाण्याच्या मोटरीवर टॅग, गीझरवर उन्हाळाभर टॅग. एकदा तर वहिनीनं नवीन मिक्सर घेतला, तर जुना चांगला चालणारा मिक्सर यानं टॅग बांधून माळ्यावर टाकला. वस्तू बंद म्हणजे वस्तू सुरक्षित, हे त्याच्या हाडात बसलेलं.

त्या रेकॉर्डिंगनंतर सहा वर्षांनी बाबा गेले. वर्षभरानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दादाच्या घरी झाला, अन् जेवणं झाल्यावर तो मले म्हणाला, "बाबाचा फोटो माह्या घरी हाय, आवाज बी माह्याच घरी पाहिजे. मोठा मी हावो." मी म्हणली, "अरे, आवाजाची कॉपी निघते, फोटोची निघते तशीच. तुझ्याकडे बी राहील, माझ्याकडे बी राहील." तो म्हणाला, "ते तू पाहाय. पण असली मले दे." आता फाइलीमध्ये असली कोणती अन् नकली कोणती? पण मोठ्या भावाशी कोण वाद घालते. मी पुढच्या रविवारी एक एसएसडी डब्बीत घालून नेऊन दिली. वायर लावली का टीव्हीवर बी वाजते, ते दाखवलं. अन् निघता निघता म्हणली, "जपून ठेव."

बस, एवढंच म्हणली. जपून ठेव. मले म्हणाचं होतं का मधात मधात लावत जा, ऐकत जा, सहा महिन्यातून एकदा तरी करंट दे. गल्लीतल्या पोरायले अर्धा घंटा माठ समजावणारी मी, सख्ख्या भावाले दोन शब्दात निपटवून घरी आली.

अन् दादानं जपून ठेवली. जपणं काय असते ते त्याच्याकडून शिकावं. डब्बी प्लास्टिकच्या थैलीत, थैली स्टीलच्या डब्यात, डबा वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात, कपाटाले कुलूप, अन् डब्याले लाल टॅग. त्याच्यावर बॉलपेननं लिहिलं, "बाबा. हात लावू नये." वरच्या मजल्यावर पत्र्याचं छत आहे. मे महिन्यात त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहून दाखवावं कोणी. तिथं त्या डब्यानं तीन उन्हाळे काढले. मी एक-दोनदा विचारलं बी, "ऐकतं का रे कधी?" तर म्हणाला, "नाही व, रोज रोज काढून खराब कावून कराचं? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी हसली.

मंग दादाच्या पोरीचं लग्न ठरलं, नागपूरचं घर. पाहुणे आले तेव्हा पोरगी आपली हिंदीत सुरू झाली, तर मुलाची आत्या म्हणाली, "मराठी मुलगी आहे ना? मग मराठी बोलता येत नाही?" चांगले लोक आहेत, चेष्टेनंच बोलली, पण पोरीले ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिचा मले फोन. "आत्या, आबा की वो रिकॉर्डिंग है ना? मुझे सुननी है. मेले-तुले वाली अपनी मराठी." मी म्हणली, "मेले नाही व, मले." ती म्हणाली, "हाँ वही. और वो चिमणी वाला हिस्सा मैं काट के रखूँगी. हळद के दिन बजाऊँगी." मले एवढा आनंद झाला का विचारू नका. कोणाले तरी तो आवाज पाहिजे होता.

रविवारी सगळे बोरसीले जमलो. दादानं स्वतःच्या हातानं टॅग सोडला, त्याच्या नियमाप्रमाणं. मी वायर लावली. लॅपटॉपनं आवाज केला, ड्राइव्ह दिसली, अन् खाली एक चौकोन आला का ही डिस्क वापराच्या आधी फॉरमॅट करावी लागते, करू का? मी वायर काढली, परत लावली. दुसरी वायर लावली. दुसरा कॉम्प्युटर लावला. तोच चौकोन, तोच सवाल. वहिनी चहा घेऊन उभी होती, तिनं तो हळूच खाली ठेवला. पोरगी म्हणाली, "क्या हुआ?"

जुनी हार्ड डिस्क मराच्या आधी करकरते, कण्हते, माणसाले सांगते का बापा, मी चालली, काय घ्याचं ते घे. ही मेली एक शब्द बोलत नाही.

अन् मंग मी दादावर जे सुटली. पोरीसमोर, वहिनीसमोर. "अरे तुले अक्कल आहे का? ही काय मोटर होती टॅग बांधून ठेवाले? पत्र्याखाली ठेवली? तीन वर्षं? एकदा लावून नाही पाहता आली तुले?" दादा म्हणाला, "तूच म्हणली होती, जपून ठेव." मी म्हणली, "जपून ठेव म्हणजे पुरून ठेव नाही होत! तू बाबाले दुसऱ्यांदा पुरलं!" हे मी बोलली. साठीले आलेल्या माझ्या भावाले, त्याच्या पोरीच्या लग्नाच्या तोंडावर. तो टॅग हातात घेऊन बसून राहिला, त्याचा दोरा बोटाले गुंडाळत.

पोरगीच म्हणाली, "आत्या, आपके पास भी तो कॉपी होगी ना?"

"असंल ना," मी म्हणली. "घरी जाऊन पाहते."

कोहक्यापर्यंत स्कूटी कशी आणली मले माहीत नाही. कारण पोरीनं विचारलं तेव्हाच, तिचं वाक्य पूर्ण व्हाच्या आधीच, मले एक दुपार आठवली होती. शाळा बंद होत्या तेव्हाची. सगळे वर्ग घरून, व्हिडिओ बनवा, कापा, जोडा, पाठवा. माझ्या कॉम्प्युटरची जागा भरली होती अन् व्हिडिओ अर्ध्यात अडकला होता, हेडमास्तरचा फोनवर फोन. मी खालून वर पाहत गेली, काय काढता येईल. 'बाबा' नावाचा फोल्डर होता. मी विचार केला, दादाकडे आहे ना, असली तर तिथंच आहे. शिफ्ट अन् डिलीट, दोन्ही बटनं एकदमच दाबली. कायमचं काढू का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणलं.

जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेलं बी मागं राहते, नशीब असलं तर काढता येते. एसएसडीत नाही. पुसा म्हटलं का ते आपल्या सवडीनं मागून सगळे माठ धुऊन काढते, पुढच्या कामाले तयार राहावं म्हणून. हे बी मीच शिकवते, नववीच्या वर्गाले. तरी मी घरी जाऊन अंधार पडेपर्यंत शोधत बसली, जणू मले माहीतच नव्हतं.

पण हे बी अर्धंच आहे. पुरं सांगते, आता सांगाले बसलीच आहे तर.

पुण्यानुमोदनाच्या नंतरच्या त्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन एसएसडी होत्या. एक नवीकोरी, आठ खुणावाली, चांगली, मी दहा ठिकाणी तुलना करून निवडलेली. दुसरी माझ्या कॉम्प्युटरमधून काढलेली, सोळा खुणावाली, स्वस्तातली, चार वर्षं रोज भरून उपसून झिजलेली. आता किती जीव उरला ते सांगणारा एक प्रोग्राम असते. मी तो चालवून पाहिला होता. मले माहीत होतं ती कुठवर आली ते. दोघींपैकी एकीत बाबा टाकून दादाले द्याचे होते अन् एक माझ्या कॉम्प्युटरले लावाची होती. मी दहा मिनिटं बी विचार नाही केला. म्हणली, दादाकडे काय, नुसती पडूनच तर राहणार आहे, त्याले जुनी चालते. मले काम आहे, मले नवी पाहिजे.

गल्लीतल्या परक्या माणसाले मी असं कधी नसतं सांगितलं. कोणी येऊन विचारलं असतं का मॅडम, मेलेल्या बापाचा आवाज ठेवाचा आहे, कोणती घेऊ, तर मी त्याले म्हणली असती, बाबा रे, चांगलीतली चांगली घे, दोन घे, अन् जुनी तर हातात बी धरू नको.

तर अशी मी. अन् मी दादाले म्हणली का तुले अक्कल आहे का. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच.

ती एसएसडी मी रायपूरले एका दुकानात नेली. हप्ताभर ठेवली त्यायनं, मंग हात वर केले. एकतीसपैकी एक फाइल अर्धवट निघाली होती, ती त्यायनं पेन ड्राइव्हवर टाकून दिली. मी तिथंच काउंटरवर कानाले हेडफोन लावून ऐकली. आधी कूलरची घरघर. मंग खुर्ची सरकल्याचा आवाज. मंग माझा आवाज, चांगला स्पष्ट, "हं, बाबा, बोला." अन् त्याच्या पुढं नुसती खरखर, शेवटपर्यंत.

दुकानदार म्हणाला, "कुछ काम का है मैडम?" मी पैसे मोजून दिले अन् निघाली.

लग्न झालं. हळदीले पोरीनं दुसरी गाणी वाजवली. पाठवणीच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, रो मत. तू बोल ना मुझे, चिमणी." मी बोलली. पण ते माझ्या तोंडून खोटं वाटलं, अन् मले वाटते तिले बी वाटलं असंल, कारण परत एकदा बोल, असं ती म्हणाली नाही.

दादाले खरं सांगाचं म्हणून मी त्यानंतर बोरसीले गेली. ठरवूनच गेली होती. दार वहिनीनं उघडलं अन् म्हणाली, "वर हायेत, चला." वर त्या पत्र्याच्या खोलीत आता पंखा लावला होता. टेबलावर तीच एसएसडी, वायर लावलेली, दिवा लुकलुकत होता. मी तिले फॉरमॅट करून त्याले परत दिली होती अन् ती एकमेव फाइल तिच्यातच टाकून दिली होती, मधात मधात करंट देत जा म्हणून, तोंडदेखलं. दादानं भिंतीवर कॅलेंडर टांगलं होतं अन् दर रविवारी एक टिक मारलेली.

"तू म्हणली होती ना करंट द्या लागते," तो म्हणाला. "दर रविवारी अर्धा घंटा देतो. आता थंडी नाही होऊ देत."

मी बसली. म्हणली, "दादा, मले एक सांगाचं आहे."

"थांब, आधी ऐक," तो म्हणाला, अन् त्यानं फाइल लावली. कूलर. खुर्ची. "हं, बाबा, बोला." अन् खरखर. तो त्या खरखरीकडे मान तिरपी करून ऐकत होता, बाबा बोलाचे तेव्हा कराचा तशीच. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. मंग डोळे पुसून म्हणाला, "माह्या हातानं सगळं गेलं व. तुझ्यामुळं एवढं तरी राहिलं. तू हुशार हायेस, तूच सांभाळाले पाहिजे होतं, मीच मोठेपणा केला." असं म्हणून त्यानं माझ्यासमोर हात जोडले.

माझा मोठा भाऊ, अन् हात जोडले.

मी त्याचे हात खाली केले. "जाऊ दे आता," मी म्हणली. "झालं ते झालं."

"तू काहीतरी सांगत होती ना?"

"काही नाही," मी म्हणली. "वायर ढिली वाटते, बदलून देईन."